सतराव्या गोळीला

सतराव्या गोळीला ती ओळ आली.
निळ्या ट्रेवर, चपट्या सुरीच्या टोकानं
मी पाच-पाचच्या रांगा सरकवत होते.
बाहेर डंडीचा उतार, बसचे ब्रेक,
टे नदीवरून आलेला खारट वारा,
आणि दार उघडलं की आत घुसणारी
सीगलची शिवीगाळ.

ओळ चालीसकट आली, हे विशेष.
एरवी शब्द येतात अनवाणी,
नाहीतर चाल येते, मुकी.
ही नटूनथटून आली, थेट समेवर पाय ठेवून.

लिहावी तर मोजणी चुकते.
मोजावं तर ओळ जाते.
आणि गोळ्या मिसेस पटुलोंच्या हृदयाच्या.

अठरा. एकोणीस.
मोजता मोजता ओठांत घोळवत राहिले तिला,
लहान मूल गुळाचा खडा गालात धरतं तशी.
अठ्ठाविसाव्या गोळीपर्यंत गूळ विरघळला.
पुन्हा मोजल्या. अठ्ठावीसच.
सतरावीवर जरा थांबूनही पाहिलं.
गोळी होती.

साधनं नाहीत असं नाही.
फोनमध्ये एकशे बारा रेकॉर्डिंग आहेत.
एकात भांडी वाजताहेत,
एकात टेकडी चढतानाची माझी धाप,
एकात मी अगदी स्पष्ट म्हणतेय,
'सोपं आहे, लक्षात राहील,'
आणि पुढं नुसता वारा.
लेबलांच्या पाठीवर लिहिलेलं
खिशासकट मशीनमध्ये जातं.
'उन्हाला सांगा', 'इथे कोमल नी?'
काळ्या पँटवर त्याचा पांढरा चुरा
मी आठवडाभर झटकत असते.

नवव्या दिवशी मिस्टर गिलफेदर आले.
तागाच्या गिरणीत उमेद गेली,
यंत्रांनी कान नेले,
तेव्हापासून माणसांचे ओठ वाचतात.
रांगेत उभ्या उभ्या शीळ घालत होते.

माझा हात थांबला.
सूर परके होते, कुठल्यातरी जुन्या नाचाचे असावेत.
पण पावलं माझी.
पाचव्यावर तोच जोर, मग तीच हुलकावणी.

'कुठं ऐकलंत हे?' मी ओठ मोठे करून विचारलं.
'ऐकलं कुठं,' ते म्हणाले, 'बघितलं.
त्या दिवशी तू मोजत होतीस.
आकडे म्हणणारे ओठ असे हलत नाहीत.
चाल काही दिसली नाही, पोरी,
ती मी घरची घातली.'

'परत,' मी म्हटलं.
त्यांनी परत घातली, शेवट निराळा.
मागच्या बाईनं घड्याळ पाहिलं.
'परत.'

लेबलाच्या पाठीवर मी सात टिंबं काढली,
पाचवं जाड.
शब्द अजून आलेले नाहीत.
कागद या वेळी खिशात ठेवला नाही,
तराजूच्या वजनाखाली ठेवला.

गिलफेदर शीळ घालत दाराबाहेर पडले,
बसथांब्यापर्यंत गेले असतील,
तेव्हा कुठं मला दिसलं,
त्यांच्या गोळ्यांची पिशवी
काउंटरवरच होती.