नऊ नंबर

बुधवारच्या बाजारात
चिवड्याच्या गाडीच्या पुढे, कांद्याच्या पोत्यांच्या अलीकडे
माझी ताडपत्री. एकवीस वर्षं तीच जागा.
मी माणूस पायावरून ओळखतो,
चेहरा नंतर.

पंचफुला इंगोले, अंगणवाडीची मदतनीस,
पाय नऊ नंबर.
बायांच्या चपला माझ्याकडे सातला संपतात.
पहिल्या खेपेला तिनं लाल पट्ट्याची उचलली,
टाच दोन बोटं बाहेर राहिली.
मी म्हणालो, "हे घ्या ना बाई, जेन्ट्स. मजबूत हाये."
तिनं इकडेतिकडे पाहिलं,
टायरसारखी ती काळी जाड चप्पल
पिशवीत मेथीच्या जुडीखाली घातली.
बाजारात पायात नाही घातली.

मग दर साली पोळा झाला की तेच.
ती यायची, मी न विचारता काळी काढायचो.
याला मी गिऱ्हाईक सांभाळणं म्हणायचो.

एकदा विचारलं होतं तिनं,
"बायायच्यात मोठा नंबर येतच नाई का हो कुठं?"
"चालत नाई बाई."
अमरावतीच्या ठोकवाल्याचं वाक्य.
त्यानंही ते कुणाकडून उधारीतच उचललं असेल.
चालत नाही.
आणि समोर ती,
रोज पाड्यापासून शाळेपर्यंत चार किलोमीटर.

यंदा पोळा गेला, दसरा गेला,
काळा जोड तसाच पडून राहिला.
फाट्यावरच्या पंक्चरवाल्यानं सांगितलं,
पार्सलची गाडी त्याच्याकडेच माल टाकून जाते,
बाईनं तिथंच खोका फोडला,
जांभळी सँडल, खडे लावलेली, बारीक टाचेची,
तिथंच घातली
आणि सडकेच्या मधोमध चालत गेली.

मला राग आला.
फोन उधार देतो का? फोन टाका घालतो का?
पाय हातात घेऊन कुठं चावते ते विचारतो का?
रात्री सगळा हिशेब माझ्याच बाजूनं लागला.
एक रक्कम तेवढी सुटली होती.
पहिल्या दिवशी तिची टाच बाहेर राहिली तेव्हा
मी हसलो होतो.
थोडंसंच.
वाटलं होतं, तिला दिसलं नसेल.

मागच्या बुधवारी ती आली.
पट्टा उखडलेला.
"वापस घेत नाई म्हन्ते. दहा दिवस होऊन गेले म्हन्ते.
मानूस नाईच तिकडं, मशीनच माफी मागते.
अन् तवापासून दिवसरात सँडलाच दाखवून राह्यला फोन.
एवढे पाय कोनाले हायेत बाप्पा?"
ती हसली. मी जपून हसलो.

हातात घेतली. मुरमुऱ्यासारखी हलकी,
सारा कारभार गोंदावर, टाका एक नाही.
बोलता आलं असतं.
नाही बोललो.
मेण लावलेला दोरा काढला, सुईत ओवला.
"काळा नको," ती म्हणाली.

एकवीस वर्षांत ऐकला नव्हता हा शब्द तिच्याकडून.

"जांभळा आना. पुढच्या बुधवारी येतो मी."
पिशवीतून जुनी जेन्ट्स काढून घातली,
भर बाजारात, सगळ्यांसमोर,
आणि वांगी बघायला गेली.

संध्याकाळी ताडपत्री गुंडाळून
मी काजबटणवाल्या तायडेकडे गेलो.
त्यानं चार जांभळी रिळं मांडली.
एक वांग्याचं, एक जांभळाचं,
एक शाईचं, एकाला नावच नाही.
सँडल एकेकाशी लावून पाहत होतो.
"घ्या ना कोनतंही," तायडे म्हणाला,
"काय फरक पडते?"

बल्बच्या उजेडात खरा रंग कळत नाही.
म्हटलं, चारही दे, बाहेर नेऊन बघतो.
दिवस अजून थोडा शिल्लक होता.