शेपटी तुटलेलं अक्षर

ब्रैलात, डॅन्यूबच्या धक्क्यापासून तिसऱ्या गल्लीत
माझं दुकान होतं. टाइपरायटर दुरुस्त करायचो.

दरवर्षी फेब्रुवारीत लोक आपापलं यंत्र
तापलेलं मूल दवाखान्यात न्यावं तसं
दुलईत गुंडाळून मिलिशियाच्या कचेरीत न्यायचे.
सगळी अक्षरं, आधी मोठी, मग लहान, मग आकडे,
एका कागदावर उमटवून द्यायची. खाली सही.
यंत्राच्या बोटांचे ठसे म्हणा.
माझा धंदा त्याच महिन्यात तेजीत:
सरकारदरबारी वाकडं अक्षर कुणालाच नको असायचं.

ओतिलिया हर्झा, भूगोलाच्या निवृत्त बाई,
मार्चअखेर आल्या. एरिका यंत्र, हिरवट.
नमुना देऊन महिना झाला होता,
आणि आता ‘त्स’ची शेपटी तुटली होती.
आमच्या लिपीत त्या अक्षराखाली
स्वल्पविरामाएवढी शेपटी असते.
ती गेली की ‘त्स’चा नुसता ‘त’ उरतो.
आयुष्य, बाजार, धुकं, चोर,
आमच्या या चारही शब्दांत ते अक्षर येतं.

खिळा नव्हता माझ्याकडे.
म्हटलं, बुखारेस्टहून यायला उन्हाळा उजाडेल.
‘असू दे,’ बाई म्हणाल्या, ‘वाचणारे समजून घेतात.’

नोव्हेंबरात पत्रपेट्यांमधून कागद निघाले.
चारच ओळी.
तेल नाही, पीठ नाही,
वीज गेली की काचपेटीतली बाळं गार पडतात,
आणि हे सगळं आपण किती दिवस
धुकं म्हणून खपवायचं?

धुकं. शेपटीशिवाय.

कॅप्टनने भिंग टेबलावर ठेवलं.
कचेरीतले आठशे नमुने चाळून झाले होते,
आठशेही शेपट्या शाबूत.
‘तुमच्या हाताखालून गेलं असेल,’ तो म्हणाला.
कॉफी मागवली. सातूची नव्हे, खरी.
माझ्या लेकीचं नाव त्याला ठाऊक होतं,
ती वैद्यकीच्या प्रवेशपरीक्षेला बसणार, तेही.
आवाज चढवला नाही. नुसतं,
‘हुशार आहे म्हणे.’

मी बोललो नाही. आजही शपथेवर सांगेन, बोललो नाही.
दुरुस्तीची वही काढली, टेबलावर ठेवली,
आणि मार्चचं पान उघडं राहिलं.
कॉफी संपवली.
हे सांगायचं नव्हतं, पण संपवली.

बाई सुटल्या तेव्हा ते राज्यच उरलं नव्हतं.
जप्तीच्या खोलीतून यंत्र परत मिळालं,
पाठीवर पांढऱ्या रंगात क्रमांक घातलेलं.
ते उचलून तडक माझ्याकडे आल्या.
पुढचे दात नव्हते. ‘त्स’ म्हणायला गेल्या
की तोंडातूनही ‘त’च निघत होता.
माझी लेक तेव्हा गलात्सच्या इस्पितळात,
काचपेट्यांच्याच विभागात शिकत होती.

खिळा आता होता.
ड्रॉवरमध्ये, तेलकट कागदात गुंडाळलेला.
खरं तर त्याच जूनमध्ये आला होता,
त्या नोव्हेंबरच्या पाच महिने आधी.
बाईंना निरोप द्यायचा राहून गेला होता.
लोक विचारतात तुला झोप लागते का,
त्यांना वाटतं वहीमुळे.

‘बसवू का?’ मी विचारलं.
बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या इवल्याशा खिळ्याकडे,
मग बराच वेळ रस्त्याकडे.
‘आधी फीत बदला,’ म्हणाल्या, ‘वाळून गेली आहे.’

फीत बदलली. पैसे नको म्हटलं.
त्यांनी मोजून दिले, पावती मागितली.
पावतीवर तारीख घातली, यंत्राचं नाव,
काम: फीत.
मग त्यांनी फळीवरची जाड वही
स्वतःच काढून माझ्यापुढे सरकवली.

‘इथेही लिहा,’ म्हणाल्या.
‘सगळं लिहून ठेवता ना तुम्ही.’