लवेची दिशा

वेंगुर्ल्याच्या बाजारात मासळीचे ओटे संपतात
तिथून तिसरं दुकान वायंगणकरांचं.
वर परकर, अस्तर, शाळेचे गणवेश;
खाली, पायाशी, एका पोत्यात
लुधियानाहून आलेले फ्लीसचे तुकडे,
किलोवर.

हे कापड आमच्याकडे कुणी अंगावर घालत नाही.
डिसेंबरात दोन पहाटा डोक्याला टॉवेल गुंडाळला
की संपली थंडी.
म्हणून ते माझ्या वाट्याला येतं:
अस्वलं, हत्ती, आणि आता
केळुसकरांच्या उर्वीसाठी एक बांगडा.
"बांगडा? ससा करू की."
"ससो मी कधी बघूकच नाय."
तिचा बाप पंधरा दिवस ट्रॉलरवर.
मी पुढे काही बोलले नाही.

पोत्यात हात घातला की पहिल्यांदा कळतो
तो माझाच हात.
वीस वर्षं सुंगटं सोलली. बर्फ, मीठ, काटे.
बोटांच्या टोकांना बारीक चिरा आहेत,
त्यांत तंतू अडकतो,
कापड बोट सोडत नाही
आणि मऊ की खरखरीत
तेही सांगत नाही.

म्हणून मनगटाची आतली बाजू,
जिथे काकणं हलतात आणि कातडी अजून नवी आहे.
तिथे नाही पटलं तर गाल.
पहिल्यांदा भर दुकानात गालाला लावलं
तेव्हा वायंगणकर गल्ल्यावरून हसले:
"काय गो, झोप इली?"
आता नवा गठ्ठा सोडताना तेच हाक मारतात:
"ये गो, गाल घेवन ये."

ताणून बघते. ताण पोटाच्या घेरात यायला हवा,
म्हणजे कापूस भरला की मासा गोल होतो.
तोच लांबीत आला
तर भरता भरता बांगड्याची वाम होते.
चिमटीत धरून ओढते. लव हातात आली तर परत पोत्यात,
मूल ते तोंडात घालणार.
उजेडाला धरते. आरपार समोरचा केळीवाला दिसला
तर उद्या कापूसही दिसेल.
आणि वास घेते.
दमट पोत्यातला वास धुऊन जात नाही,
माझ्या साड्यांना विचारा.

मग लव.
तळवा एका अंगाने नेला की ती झोपते,
उलटा नेला की उठते, रंग काळवंडतो.
शिवणवर्गात बाईंनी हे तीन दिवस शिकवलं,
बायका कापडाच्या पाठीवर खडूने बाण काढत बसल्या.
मला बाण लागला नाही.
डोक्याकडून शेपटीकडे गुळगुळीत,
शेपटीकडून डोक्याकडे खवलं उठतात.
सात वर्षांची असताना आईने माझ्या हातात तांबोशी दिली होती,
तेव्हाच झालं ते शिकून.

गुलाबी खूप होतं. पोपटी, जांभळं.
बांगड्याच्या पाठीचं ते निळं,
हिरव्यात पाय टाकून उभं असलेलं,
पोत्याच्या अगदी तळाशी, एकच तुकडा,
वीतभर.
वहीच्या कागदाचा मासा त्यावर ठेवला,
सरकवला, फिरवला.
दोन्ही कुशी बसत होत्या,
पण एक उलटी ठेवली तरच.
एका कुशीची लव शेपटीकडे,
दुसरीची डोक्याकडे.
बाईंनी उसवायला लावलं असतं.
मी कात्री घातली.

काळ्या दोऱ्याने पाठीवरच्या रेघा भरल्या,
डोळे धाग्याचे, बटणं मुलं गिळतात.
तिच्या आईला आधीच सांगितलं,
एक बाजू चुकली आहे, वीस रुपये कमी द्या.

उर्वीने उंबऱ्यावर बसून
मासा या कुशीवरून चोळला,
पालथा केला, त्या कुशीवरून चोळला,
परत या.
"ह्या बाजून तो जाता," ती म्हणाली,
"आणि ह्या बाजून घराक येता."

ते वीस रुपये मागून घ्यावेत
असं एकदा मनात आलं.