वर्ग चार

दर दोन वर्षांनी येरोनिमास दारावरची पाटी बदलतो.
जुनी नखाने खरवडतो, डिंक स्पिरिटने पुसतो,
नवी चिकटवताना जीभ दातांत धरतो,
वहीला कव्हर घालणाऱ्या पोरासारखा.
पिवळा त्रिकोण. काळी कड.
मधे एक काळी ठिणगी,
तिचा एकच किरण बाकीच्यांहून लांब.
खाली लिहिलेलं:
अदृश्य लेझर किरणोत्सार.
थेट वा परावर्तित किरण डोळ्यांवर पडू देऊ नये.
वर्ग ४.

मग तो दोन पावलं मागे सरकतो,
उजवा डोळा तळव्याने झाकतो,
आणि डाव्याने वाचतो.
जिथं पाहावं नेमकं तिथलंच अक्षर जातं.
'अदृश्य'वर नजर ठेवली की 'अ' पुसला जातो,
उरतं 'दृश्य'.
"हा डोळा खोटारडा," म्हणतो,
आणि कोपऱ्यातला बुडबुडा अंगठ्याने बसवतो.

ते कसं झालं, हे एकदाच सांगितलं त्याने,
विल्नियसच्या त्या हिवाळ्याबद्दल बोलताना,
जेव्हा वाफेचे नळ गार पडले होते
आणि सगळे कोट घालूनच काम करत होते.
रशियन पाटी खरवडून झाली होती,
लिथुआनियन अजून छापून यायची होती.
दोन भाषांमधल्या त्या आठ दिवसांत
दार नुसतं दार होतं.
तो आत गेला. कुणाच्या तरी घड्याळाची कड
टेबलावर जराशी कलली होती.
टप्.
दुधावरचा बुडबुडा फुटावा, एवढंच.
दुखलं नाही. पापणी मिटली नाही.
मिटायला काही दिसायला हवं ना.

डोळ्यात तेल घालून जपा, म्हणतात माणसं.
स्काइस्ते तेलावर विश्वास ठेवत नाही.
ती सुरक्षेची अधिकारी. तिने दाराशी एक निळी वाटी ठेवलीय,
अंगठ्या, घड्याळं, बांगड्या तिच्यात.
स्वतःची अंगठीही, जी नवरा गेल्यापासून
ती फक्त इथंच काढते.
कपाटात चष्मे, प्रत्येकावर आकडा:
कुठल्या तरंगलांबीसाठी, आणि कुठल्यासाठी नाही.
चुकीचा चष्मा, ती म्हणते, नुसता रंगीत असतो.
आणि दारावरचा लाल दिवा
यंत्र बंद असताना जळताना दिसला
तर ती चढ्या आवाजात विचारते, कुणी ठेवला?
जो दिवा कधीच विझत नाही
त्याला कोण घाबरणार?

मार्चमध्ये शाळेची मुलं आली. चौथीची.
बूट बर्फाने भिजलेले, बोळभर पाणी.
मोतिएयुस नावाचा एक, सगळ्यांत पुढे,
पाटीवर बोट फिरवत ओरडला,
"चौथा वर्ग! हा आपला!"
आणि मुठीने दाराचा दांडा खाली दाबला.

दिवा लाल होता.
कुलूप होतं. कुलपामागे पडदा होता,
आणि दार उघडलंच असतं तर किरण आपोआप तुटला असता.
हे सगळं मला ठाऊक होतं.
तरी माझ्या हातातला चहा कपाबाहेर आला.

येरोनिमास ओल्या फरशीवर गुडघ्यांवर बसला.
रागावला नाही. उजवा डोळा झाकला.
"मी तुझ्या नाकाकडे बघतोय," म्हणाला,
"आणि तुला नाक नाही."
पोराने घाईने नाक चाचपलं.
"आहे," तो म्हणाला.
"असेल," म्हणाला येरोनिमास, "पण माझ्यासाठी ते
आतल्या एका गोष्टीने नेलं,
जी मला दिसलीच नव्हती."
मुलं गप्प झाली.
एकीने डोळे गच्च मिटून घेतले,
आणि मी तिला सांगू शकलो नाही
की मिटूनही भागत नाही.

संध्याकाळी त्याने कपाटातून दुसरी पाटी काढली
आणि दाराच्या खालच्या अर्ध्यावर लावली,
माझ्या कमरेपाशी.
स्काइस्तेने नियमांचं पुस्तक उघडलं.
पाटी डोळ्यांच्या उंचीवर असावी, लिहिलेलं आहे.
कुणाच्या डोळ्यांच्या, ते लिहिलेलं नाही.
तिने पान पुन्हा वाचलं,
पुस्तक मिटलं,
वाटीतून अंगठी उचलली आणि गेली.

आता रात्री कुलूप लावताना
मी तिथं वाकतो.
तेवढ्या खालून वाचलं
की 'अदृश्य'चा 'अ' आधी दिसतो.