परखी

माझे वडील शेवाळवाडीच्या जकात नाक्यावर होते.
साधा सदरा, खिशाला दोन पेनं
आणि हातात परखी:
हातभर लांब, पन्हळीसारखी पोकळ, टोकाला धार.
पोत्यात खुपसायची, तिरकी करायची,
तळहातावर ओघळेल ते खरं.
पावती काय म्हणते ते नंतर.

मी चाकणला. काचेची केबिन, दोन स्क्रीन.
मला पोतं दिसत नाही.
बारा सबमर्सिबल पंप माझ्यापर्यंत येतात ते
चौऱ्याऐंशी तेरा सत्तर दहा होऊन,
ग्रीसचा वास मागे शॉपमध्येच ठेवून.
मग सॉफ्टवेअर खुपसतं:
कुठला देश, कुठला करार, कुठली बंदी,
हा पंप पाणी सोडून
भलतंच काही उपसणार नाही ना.
हिरवं. हिरवं. हिरवं.
मग घेणाऱ्याचं नाव,
आणि लाल.

सालेह उमर बाजुनैद, मोंबासा.
एक्क्याऐंशी टक्के जुळतोय म्हणे
कुठल्याशा यादीतल्या कुठल्याशा माणसाशी.

एक्क्याऐंशी.
दहावीला मला एवढेच होते;
वडिलांनी नाक्यावर पेढे वाटले होते,
रांगेतल्या ट्रकवाल्यांनासुद्धा.

गेटवर ट्रेलर. ड्रायव्हर तिडके तिसऱ्यांदा फोन करतो:
"मॅडम, सोडताय का? घाटात अडकलो तर
न्हावा शेवाला बोट माझ्यासाठी थांबणार नाही."
चौकट विचारते: सोडायचं की रोखायचं?
कारण लिहा. अडीचशे अक्षरांत.

आता माझंच नाव घ्या.
शाळेच्या दाखल्यावर घोडके, पासपोर्टात मधलं एक अक्षर जास्त,
बँकेत शेवटचं गळालेलं.
मीसुद्धा माझ्याशी
नव्वदच्या वर जुळत नसेन.

मोंबासाला लिहिलं: जन्मतारखेचा पुरावा पाठवावा,
तसदीबद्दल क्षमस्व.
मिनिटभरात आलं.
मिनिटभरात!
पासपोर्ट, जन्मदाखला, दुकानाचा परवाना,
दुकानापुढे मुलाला घेऊन उभा असल्याचा फोटो,
आणि चार वर्षांपूर्वीचं एक शिक्क्याचं पत्र
की यादीतला इसम वेगळा, हा वेगळा.
घडीवर शाई उडालेली.
ट्रकवाले नाक्याची पावती काचेच्या वर खोचून ठेवायचे,
हात वर केला की हाती लागेल अशी,
तसं त्याने ठेवलं असणार सगळं.
खाली एक ओळ:
'मॅडम, दर वेळी पाठवतो. हेही घ्या.'

रागावलेला नव्हता.
रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

यादीतला एकोणसाठ सालचा. हा एकोणऐंशीचा.
मी लिहिलं: जन्मसाल वेगळे, व्यक्ती वेगळी, माल पाण्याचा.
लाल गेलं. तिडके गेला,
हॉर्नसुद्धा न वाजवता.

मग तो पर्याय शोधला: 'पुन्हा विचारू नये'.
आहे. पण माझ्या हुद्द्याला तो राखाडी दिसतो,
दाबला तरी दबत नाही.
नव्वद दिवसांनी याद्या नव्या होतील,
आणि सालेह उमर बाजुनैद पुन्हा एक्क्याऐंशी टक्के
तो दुसरा माणूस होईल.

नाका उठला तेव्हा परखी परत मागायला कुणी आलं नाही.
हडपसरच्या घरी मीटरच्या पेटीमागे असते,
तिच्या पन्हळीत कधीचे दोन-चार तांदूळ.
वडील एक गोष्ट करायचे, जी कुठल्या नियमात नव्हती.
परखी काढली की तिचंच टोक
भोकाभोवती हलकेच घासायचे;
तागाचे धागे सरकायचे, एकमेकांना धरायचे,
भोक बुजायचं.
"माल त्याचा," म्हणायचे, "आपण नुसता बघितला."

साडेसातची कंपनीची बस लागलीय खाली.
मोंबासाला उत्तर लिहायचं राहिलंय.
'कागद मिळाले. आभारी आहोत.'
पुसलं.
'आपल्याला पुन्हा त्रास'
इथे थांबलेय.