चूल, नग एक

दोन हजार एकोणीसचा ऑगस्ट. पाणी उतरल्यावर
तलाठी आला, चपला हातात धरून, गाळ तुडवत.
सांगलीवाडीत आमची खोली:
भिंतीवर छातीच्या उंचीला कृष्णेनं ओढलेली पट्टी.
त्यानं लिहिलं, गाद्या दोन, ट्रंक एक, पंखा बंद,
भांडी वाहून गेली.
मग विचारलं, कुटुंबं किती?

दोन, म्हणाली त्रिशला. मी मगदूम, ह्या बोंद्रे.
(अनुदान कुटुंबामागं होतं, आणि ती एसटीत कंडक्टर;
सुट्ट्या पैशाला तिचा हिशेब चुकत नाही.)
त्यानं ओट्यावर बघितलं. चिखलानं लिंपलेली शेगडी.
"चूल एकच दिसत्या."
एकच.
"मग कुटुंब एकच की ओ. आम्ही चुली मोजतो."

त्या रात्री शाळेत, तिसरीच्या वर्गात,
पोरांच्या बाकावर अवघडून बसून
आम्ही तो कागद वाचला. परत वाचला.
सही, गोल शिक्का, आणि मधे:
चूल, नग एक. कुटुंब, एक.
बावीस वर्षांत हे आम्हाला कुणी
लिहून दिलं नव्हतं.
अर्धं अनुदान बुडालं, असं त्रिशला अजून म्हणते.

आदल्या वर्षी दिल्लीनं सांगितलेलं, तुम्ही गुन्हा नाही.
मी आडतीत पट्ट्या लिहीत होते.
शेठ टीव्हीकडं बघून म्हणाले, काय काय बघायला लागंल अजून.
राजापुरी, सत्तावीस पोती, मी लिहिलं,
आणि पुढचा आकडा चुकले.

माझा बाप हरिपुरात पेवात उतरायचा.
पेव उघडलं म्हणून लगेच कुणी उतरत नाही.
दिवसभर तोंड मोकळं ठेवायचं,
मग दोरीनं कंदील सोडायचा.
वात टिकली तर माणूस.
आम्ही पाच वर्षं कंदील सोडत होतो.

मग तो मंगळवार, नवरात्राची तिसरी माळ.
आष्टा स्टँडवरून तिचा फोन: काय म्हणाले?
म्हटलं, राहा म्हणाले एकत्र. लग्नाचं संसदेला विचारा.
सगळे?
पाच होते. दोघं थोडं पुढं सरकले, तिघं जागेवर.
ती गप्प. मग घंटीचा आवाज.
फोन तसाच चालू, आणि ती कुणाला तरी
वरचे पाच सुट्टे मागत होती.

तिच्या फॉर्मवर वारस जयसिंगपूरचा पुतण्या आहे.
पुरात त्यानं फोनसुद्धा केला नव्हता.
मैत्रीण हे नातं यादीत बसत नाही.

अर्ध्या मुलखाची लग्नं आमच्या पोत्यांतल्या हळदीनं लागतात.
माझ्या नखांतली जात नाही.
बँकेतली पोरगी विचारते, मावशी, घरात लग्न हाय व्हय?
मी म्हणते, मार्केट यार्डात असते मी.

तैवान, नेपाळ, आता थायलंड.
त्रिशला नावं थांब्यांसारखी घेते,
डिग्रज, तुंग, आष्टा.
आणि आपला?
फळ्यावर काही लिहिलेलं नाही, म्हणते.
रद्द असती तर लिहिलं असतं.

परवा ऐकलं, रेशन कार्डाला आता
आमच्यासारखी दोघं एक घर धरायची,
असं पत्र निघालंय दिल्लीहून.
तहसीलला गेलो. आमच्याकडं आलेलं नाही, म्हणाला कारकून.
तरुण होता, वाईट नव्हता. बेबीनंदा हे खरं नाव का, विचारलं.
मी पिशवीतून पंचनामा काढला.
कडेला अजून पुराचा तपकिरी डाग.
त्यानं ती ओळ बोटानं वाचली,
चूल, नग एक,
आणि पेन उघडलं.
नातं काय लिहू?

मी शब्द शोधत राहिले.
त्रिशला सवयीनं म्हणाली,
दोन फुल.

तो हसला, मग हसू आवरलं.
रकाना कोरा ठेवून अर्ज घेतला,
गुरुवारी या म्हणाला.
गुरुवारी सौदे आहेत, नव्या हळदीचे.
ती जाईल. तिची सुट्टी आहे.