चेंडू पंचाला लागला तर

नियमांच्या पुस्तकात आहे ते:
चेंडू पंचाला लागून दुसऱ्या संघाकडे गेला, तर
शिट्टी वाजवा, खेळ थांबवा, चेंडू खाली टाका.
तोंडी परीक्षेत मी हे धडाधड सांगितलं.
परीक्षक म्हणाले, खेळाडू होतात ना तुम्ही?
म्हणालो, होतो.

होतो म्हणजे, कॉलेजात अकरा नंबर होतो.
नाशिकरोडला प्रेसचा भोंगा व्हायच्या आत
मैदानाला सात फेऱ्या, पोटरीभर धुकं,
आणि सायकलवरून मांगटे सर:
"उजागऱ्या, पाय दोन आहेत, डावाही वापर!"
वापरला. डाव्यानेच मला कोलकात्याला नेलं.

तीन मोसम. दुसऱ्या डिव्हिजनचा क्लब,
एका खोलीत सात जण, उशीलाही मोहरीच्या तेलाचा वास,
करारावर अशेरऐवजी 'अशोक'.
मी दुरुस्त केलं नाही.
एकूण खेळलो चारशे बारा मिनिटं.
आई शरणपूरला कॅलेंडरवर मांडून ठेवायची,
दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी.
मग एका मंगळवारी, सरावात, जवळ कुणीही नसताना
गुडघ्यात सुपारी फुटल्यासारखं झालं.

आता रविवारी देवळालीला मी उलटा धावतो.
पंचाला धावावं लागतं तसं, खेळाकडे तोंड करून;
मागचं पाठीनेच ओळखायचं.
पोरं म्हणतात, "ओ सर, चष्मा विसरलात का?"
मीही म्हणायचो. याहून वाईट म्हणायचो.
पाकिटात साडेतीनशे रुपये, वर एक केळं.

परवा, सत्याहत्तरावं मिनिट, एक-एक.
लांब तोफखान्याचा सराव, धप्प, धप्प,
आणि कुणीतरी घाबरून मारलेला चेंडू
आला तो थेट माझ्या डाव्या पायावर.
थांबला.
पाळलेला असावा तसा.
गोल वीस पावलांवर, गोली डावीकडे सरकलेला,
अख्खा कोपरा मोकळा.
अठरा वर्षांत कुणी मला पास दिला नव्हता.

पायाने कुठे परीक्षा दिलीय?
खांदा वळलाच. टाच उचललीच.

मग शिट्टी वाजली, माझीच,
जरा जास्तच जोरात.
चेंडू हातात घेतला, तेवढी मुभा आहे,
शर्टाला पुसला, तेवढी नाही बहुतेक,
आणि ज्यांचा होता त्यांना परत दिला.

"काय झालं सर?" अकरा नंबरचं पोर.
"मला लागला."
"लई लागला का?"
"नाही रे. खेळ."